गोंगाट ऐकायला निघालेली माणसं

मी चित्रपटांचा ध्वनिमुद्रक. माझं अर्धं काम म्हणजे आवाज घालवणं: फ्रीज बंद करा, पंखा बंद करा, खालच्या रिक्षावाल्याला जरा थांबवा. म्हणूनच हा टाकाऊ माल ऐकायला जे मुद्दाम चालत निघाले, त्यांचं मला भारी कुतूहल.

मॅक्स न्यूहाउस हा अमेरिकी तालवादक. त्याच्या काळातले प्रयोगशील संगीतकार रस्त्यावरचे आवाज सभागृहात आणत होते. याने ठरवलं, श्रोत्यांनाच बाहेर नेऊ. मार्च १९६६मध्ये त्याने काही मित्रांना मॅनहॅटनच्या चौदाव्या रस्त्यावर बोलावलं, प्रत्येकाच्या हातावर ‘लिसन’, म्हणजे ‘ऐका’, असा शिक्का मारला आणि सगळ्यांना घेऊन नदीकडे चालू लागला. आधी वीजकेंद्राची प्रचंड घरघर, मग हमरस्त्यावरच्या टायरांची सळसळ, पूल ओलांडल्यावर पोर्तो रिकोच्या लोकांची गजबजलेली वस्ती. शेवटी स्वतःच्या स्टुडिओत नेऊन त्याने थोडं वादन केलं. वाटेतला एकही आवाज त्याचा नव्हता, त्याने ठरवला तो फक्त क्रम. आमच्याकडे याला संकलन म्हणतात. न्यूहाउसने ते पायांनी केलं! पुढेही त्याने अशा फेऱ्या काढल्या. लोक आधी अवघडायचे, पण तो स्वतः कान देऊन चालतोय हे पाहून तेही ऐकू लागायचे.

कॅनडातल्या हिल्डेगार्ड वेस्टरकॅम्प यांची ‘किट्स बीच साउंडवॉक’ ही १९८९ची रचना मला जास्त जवळची. व्हँकुव्हरच्या किनाऱ्यावर खडकांना चिकटलेल्या इवल्या सागरी जिवांची टिकटिक त्या ऐकवतात. मागे शहर घोंघावतंय. मग त्या निवेदनात सरळ सांगतात, की स्टुडिओत हे शहर पुसून टाकता येतं. फिल्टर लागतो आणि शहर खरंच नाहीसं होतं. मी हे रोज करतो, फक्त प्रेक्षकांना सांगत नाही.

जर्मनीच्या क्रिस्टिना कुबिश तर त्याहून पुढे गेल्या. २००४पासून त्या ‘इलेक्ट्रिकल वॉक्स’ घडवतात. त्यांच्या हेडफोनमध्ये तारेची वेटोळी असतात, ती आसपासची विद्युतचुंबकीय क्षेत्रं पकडून आवाजात बदलतात. हेडफोन घालून चालायचं. एटीएम, निऑनच्या पाट्या, दुकानाच्या दारातले चोर पकडणारे खांब, सगळे आपापल्या सुरात बोलू लागतात. दिव्यांच्या वायरींमधून माइकच्या केबलमध्ये शिरणारा ‘हम’ काढता काढता आमचे सहायक रडकुंडीला येतात. इथे लोक नकाशा हातात घेऊन तोच शोधत हिंडतात.