कोतवाल पंजीचे पान, मोबाइलच्या मापात

राळेगाव विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे. या भागातल्या गोंड, कोलाम, परधान कुटुंबांची जात पडताळणी बरेचदा ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या एखाद्या नोंदीवर येऊन ठेपते आणि विदर्भात अशी नोंद शोधायची मोठी जागा म्हणजे गावाच्या जन्ममृत्यूची कोतवाल पंजी. २०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे समितीच्या निमित्ताने राज्यभर कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा या पंज्यांकडे सगळ्यांचेच लक्ष गेले. जुनी पाने स्कॅन करून संकेतस्थळावर टाकायची म्हटले, की प्रतिमा लहान करण्याचे काम आलेच.

ए-फोर आकाराचे पान ३०० डीपीआयला स्कॅन केले तर २४८० × ३५०८ पिक्सेलची प्रतिमा मिळते. रंगीत, असंकुचित टिफ सुमारे २६ एमबीची होते. दोनशे पानांची पंजी पाच जीबीच्या पुढे जाते. तालुक्याच्या गावातल्या मोबाइलवर ती उघडणे अवघडच. म्हणून मूळ टिफ जपून ठेवायची आणि पाहण्यासाठी वेगळी जेपेग काढायची. हजारो पाने एकेक करून लहान करणे शक्य नसते. इरफानव्ह्यूसारख्या मोफत प्रणालीत पूर्ण फोल्डर एका आदेशात निघतो.

खरा प्रश्न फाइल किती केबीची व्हावी हा नसून पानावरची सर्वांत बारीक खूण कोणती, हा आहे. बाळबोधीत लिहिलेल्या ‘गोंड’मधला अनुस्वार घ्या. अर्ध्या मिलिमीटरचा तो ठिपका ३०० डीपीआयला सहाएक पिक्सेलचा असतो. पानाची लांब बाजू १६०० पिक्सेल केली तर जेमतेम तीन पिक्सेल उरतात, ८०० केली तर एकच. वर जेपेग ८ × ८ पिक्सेलच्या चौकटींनी संकोच करते. पिवळ्या कागदावरच्या विटक्या शाईत तो ठिपका डागासारखा दिसतो किंवा पुसला जातो आणि वाचणाऱ्याला ‘गोड’ दिसते. तेव्हा १६०० ही खालची मर्यादा धरावी. शाई उडालेल्या पानांना २४०० द्यावी. गुणवत्ता ८५च्या आसपास ठेवली तर लाल शाईच्या खुणा बऱ्यापैकी टिकतात, पण रंगाची माहिती निम्म्यावर आणणारी सोय बंद केलेली बरी.

इमेजमॅजिकमधला ‘मोग्रिफाय’ आदेश वेगळा फोल्डर न सांगता चालवला तर लहान केलेली प्रतिमा मूळ फाइलवरच लिहितो. त्यामुळे आधी मूळ फाइली ‘फक्त वाचण्यासाठी’ कुलूपबंद कराव्यात, मगच दहा-वीस पानांवर चाचणी घ्यावी. चाचणीला स्वच्छ पाने निवडण्याचा मोह होतो. निवडावीत ती वाळवीने खाल्लेली, मोडी अक्षरांची, शिक्का उमटलेली. लांबी-रुंदीचे प्रमाण बांधून ठेवावे. आधीच लहान असलेली प्रतिमा फुगवू नये. फाइलच्या नावात गाव, वर्ष आणि पानाचा क्रमांक असावा, म्हणजे जेपेगवरून मूळ टिफ लगेच सापडते.

ऑनलाइन प्रतीचा उपयोग नोंद कुठल्या पानावर आहे हे शोधण्यापुरता. पडताळणीसाठी लागणारी साक्षांकित नक्कल मूळ पंजी समोर ठेवूनच द्यायची असते.