तीनशे अक्षरं कमी

कात्रजच्या दुकानातून आणलेलं बेकरीचं यीस्ट रात्रभर साखरेच्या पाण्यात वाढवलं होतं. सकाळी ते फेनॉल आणि काचेच्या बारीक मण्यांबरोबर जोरात घुसळलं. पेशी फुटल्या, आरएनए बाहेर आलं. इथून पुढे प्रत्येक नळी बर्फात, आणि उघडं बोट कशालाही लावायचं नाही, कारण आपल्या कातडीवरची विकरं आरएनएचे तुकडे पाडतात. परवा तेच झालं होतं. जेलमध्ये दोन ठसठशीत पट्ट्यांऐवजी तळाशी नुसता धुरकट फराटा. आज मात्र नळीच्या बुडाशी पांढुरका ठिपका बसला, जेमतेम दिसेल एवढा.

मला त्यातून अ‍ॅक्टिन या प्रथिनाचा निरोप, म्हणजे त्याच्या जनुकाची आरएनए-नक्कल, हवा होता. यीस्टच्या सुमारे 6,000 जनुकांपैकी 300च्या आसपास जनुकांतच इंट्रॉन असतात, म्हणजे प्रथिनात न उतरणारा, मध्येच घुसलेला मजकूर. अ‍ॅक्टिनचं जनुक त्यांतलंच. अशी तुटक जनुकं 1977 मध्ये रिचर्ड रॉबर्ट्स आणि फिलिप शार्प यांच्या गटांना विषाणूत सापडली. 1993 मध्ये दोघांना नोबेल मिळालं.

नानासाहेब पेशव्यांच्या काळी कात्रजच्या तलावाचं पाणी जमिनीखालच्या नळातून पुण्यात जाई आणि वाटेतल्या उच्छ्वासांत गाळ खाली बसे. पेशीच्या केंद्रकातही तसंच, निरोप बाहेर पडण्याआधी त्यातले इंट्रॉन कापून काढले जातात, असं मी विद्यार्थ्यांना सांगत आलो. पण गाळ थोडा राहिला तरी पाणी पिता येतं. इथे कापताना एक अक्षर चुकलं, तर पुढची तीन-तीन अक्षरांची सगळी फोड बिघडते. कापून, जोडून, एका टोकाला टोपी आणि दुसऱ्याला अ‍ॅडेनिनची शेपटी लागल्यावर वाहक प्रथिनं निरोपाला केंद्रकाच्या रंध्रातून बाहेर नेतात. रंध्र म्हणजे नुसतं भोक नव्हे; आठ सारख्या भागांचं ते कडं आहे.

आरएनएची डीएनए-प्रत आणि मूळ जनुक, दोन्हींवर तेच प्राइमर, म्हणजे प्रतीची सुरुवात करणारे डीएनएचे छोटे तुकडे, लावून पीसीआर केला. जेलमध्ये, निळ्या दिव्याखाली, जनुकाचा पट्टा वर थांबलेला, निरोपाचा खाली धावलेला. फरक सुमारे 300 अक्षरांचा.

निरोपाच्या रांगेत वरच्या उंचीवर आणखी एक पुसट पट्टा होता. डीएनए मिसळलं असेल? शेजारी आरएनएची डीएनए-प्रत न करता लावलेली रांग पाहिली. ती कोरी होती. म्हणजे ते अजून न कापलेले निरोप होते, दाराच्या आतले.