स्प्लिटर : उजेडाच्या वाटणीचा हिशेब

ऑप्टिकल फायबर म्हटले की आपल्याला लेसर आठवतो, गीगाबिट आठवतात. स्प्लिटरचे नाव कोणी घेत नाही. पण आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीसारख्या भागात तालुक्याहून निघालेला उजेड किती दूरच्या गावापर्यंत पोचणार, हे बरेचसे याच लहानशा डबीवर ठरते.

२०११ मध्ये ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची योजना केंद्राने मंजूर केली. तीच पुढे भारतनेट झाली. पहिल्या टप्प्यात जीपॉन हे तंत्र निवडले गेले. तालुक्याच्या एक्स्चेंजमध्ये ओएलटी, ग्रामपंचायतीत ओएनटी आणि मधल्या वाटेवर एका फायबरचे अनेक फाटे करणारा स्प्लिटर. त्याला वीज लागत नाही, हा त्याचा मोठा गुण. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो. अशा वेळी जंगलात बॅटरी बदलायला जाणार कोण?

आता हिशेब. उजेड दोघांत वाटला की प्रत्येकी ३ डेसिबल कमी. हा लॉस नाही, वाटणी आहे; मेसच्या वरणासारखे पाणी ओतून उजेड वाढवता येत नाही. ३२ जणांत वाटला तर १५ डेसिबल गेलेच. प्रत्यक्ष स्प्लिटरवर मात्र १७ ते १७.५ मोजले जातात. वरचे हे दोन-अडीच डेसिबल म्हणजे खरा लॉस. फायबरमध्ये १३१० नॅनोमीटरला किलोमीटरमागे साधारण ०.३५ डेसिबल जातात. म्हणजे स्प्लिटरने फुकट घालवलेला उजेड सहा-सात किलोमीटरचा! आपल्याकडे एवढ्या अंतरात पुढचे गाव येते.

हा उजेड जातो कुठे? सिलिकावर कोरलेल्या स्प्लिटरमध्ये वाय आकाराचे फाटे एकापुढे एक असतात. ३२ साठी पाच पायऱ्या. फाट्याचे टोक कागदावर सुईसारखे, पण फोटोलिथोग्राफीत ते बोथटच येते आणि तिथे उजेड विखुरतो. कोन मोठा घेतला तरी सांडतो. म्हणून कोन एखाद्या अंशाच्या आसपास ठेवतात, फाट्याआधी वाट हळूहळू रुंद करतात, पुढे एस आकाराची सौम्य वळणे देतात. वळण जितके सौम्य तितकी चिप लांब आणि महाग. शिवाय दोन्ही टोकांना फायबर चिकटवताना मायक्रॉनभर सरकला तरी मार बसतो.

व्हायवात हमखास अडवणारा प्रश्न : गावाकडून तालुक्याकडे येताना तर फाटे एकत्र होतात, मग तेव्हा लॉस काहून? दोन नाले मिळाले की सगळे पाणी पुढे जाते, उजेडाचे तसे नाही. एकाच फांदीतून आलेला उजेड सांध्यावर दोन मोडमध्ये विभागतो. सम मोड पुढच्या सिंगल मोड वाटेत मावतो, विषम मोड मावत नाही, बाहेर पडतो. त्यामुळे परतीच्या वाटेवरही तेच ३ डेसिबल. कितीही सुबक डिझाइन करा, हे चुकत नाही.

मला स्वतःला असमान स्प्लिटर जास्त आवडतो. पुस्तकात सगळे फाटे सारखे असतात, आपल्याकडे मात्र गावे एकाच रस्त्याला ओळीने लागतात. समजा एक गाव २ किलोमीटरवर, दुसरे १८ वर. समान वाटणीत जवळच्याचा लॉस ३.७ आणि दूरच्याचा ९.३ डेसिबल. १०:९० वाटणी केली तर जवळच्याचा १०.७, दूरच्याचा ६.८. जीपॉनच्या बी प्लस वर्गाला २८ डेसिबल झेपतात, त्यामुळे जवळच्याचे काही बिघडत नाही. दूरच्याला अडीच डेसिबल मिळाले.

आणि ते लागतात. रस्ता रुंदीकरणात जेसीबीने केबल तोडली की तुकडा जोडताना दोन नवे स्प्लाइस, प्रत्येकी ०.१ डेसिबल धरा. चार-पाच पावसाळ्यांत राखून ठेवलेले ३ डेसिबल असेच झिजतात. पूर्ण तुटलेल्या केबलवर मात्र स्प्लिटरकडे उपाय नाही; २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सुधारित भारतनेटमध्ये म्हणूनच झाडाच्या फांद्यांऐवजी वलयाची रचना घेतली आहे. एका बाजूने तुटले तर दुसऱ्या बाजूने सिग्नल येतो.