लाखनीच्या खासदाराचे मत : परकीयांविषयीच्या कायद्यांवरील नोंद (लेखांक ६)

परकीयांना देशात येऊ देणे, त्यांची नोंद ठेवणे, त्यांना बाहेर काढणे आणि नागरिकत्व देणे हे सर्व विषय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील संघसूचीत आहेत. नागरिकत्व आणि परकीय हा १७ वा विषय, तर प्रवेश, हकालपट्टी, पारपत्र व व्हिसा हा १९ वा. त्यामुळे लाखनी तालुका ज्या साकोली विधानसभा मतदारसंघात येतो, तेथील आमदाराला या कायद्यांवर मत देण्याची संधीच मिळत नाही. प्रचारसभेत घुसखोरीवर कोणी कितीही बोलले तरी लाखनीकरांच्या वतीने कायद्यावर मत देणारा माणूस एकच, तो म्हणजे भंडारा-गोंदियाचा खासदार.

विषय सीमेवरचा वाटला तरी तो या मतदारसंघात जमिनीवर दिसतो. अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ १९७२ पासून नॉरग्येलिंग ही तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. गोंदिया जिल्हा १९९९ मध्ये वेगळा झाला, तरी तिबेटी कागदपत्रांत ही वसाहत आजही ‘भंडारा’ म्हणूनच ओळखली जाते. त्याच तालुक्यात पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली कुटुंबांची अरुणनगर, गौरनगर यांसारखी गावे वसली. गोठणगावातल्या कोणत्या तिबेटी माणसाला भारताचा मतदार होता येईल, हे संसदेने केलेल्या दोन दुरुस्त्यांवर ठरते. २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारतात जन्मलेली व्यक्ती जन्मानेच नागरिक ठरते. म्हणूनच निवडणूक आयोगाने २०१४ मध्ये अशा तिबेटी व्यक्तींची नावे मतदार यादीत घेण्यास सांगितले. पहिल्या दुरुस्तीनुसार ३० जून १९८७ नंतर जन्मलेल्यांच्या आई-वडिलांपैकी एक जण तरी भारतीय नागरिक असावा लागतो. २००३ ची दुरुस्ती ३ डिसेंबर २००४ पासून लागू झाली आणि ही अट आणखी घट्ट झाली: पालकांपैकी एक बेकायदा स्थलांतरित असेल, तर दुसरा नागरिक असूनही त्या मुलाला जन्माने नागरिकत्व मिळत नाही. वसाहतीतल्या थोरल्या भावाला मत आहे आणि धाकट्याला नाही, असे होऊ शकते ते यामुळे.

अशा कायद्यांवर खासदाराने कोणते मत दिले, हे शोधायला गेल्यावर पहिली अडचण मतदानाच्या पद्धतीचीच येते. लोकसभेत अध्यक्ष प्रस्ताव मांडून सदस्यांचा होकार आणि नकार विचारतात, आवाजावरून निकालाचा अंदाज जाहीर करतात आणि कोणी हरकत घेतली नाही तर विधेयक मंजूर होते. हे आवाजी मतदान. त्यात कोण काय म्हणाले, कोण गप्प राहिले, कोण सभागृहातच नव्हते, यातले काहीच नोंदले जात नाही. हरकत आली तर मतविभाजन होते: लॉबी रिकाम्या करतात, साडेतीन मिनिटे घंटा वाजते आणि प्रश्न पुन्हा विचारला जातो. त्यानंतर सदस्य बटण दाबतात; होकाराला हिरवे, नकाराला लाल आणि तटस्थतेला पिवळे. नावे फक्त या यादीत उमटतात. पण मतविभाजनाची मागणी विनाकारण आहे असे अध्यक्षांना वाटले, तर ते सदस्यांना जागेवर उभे करून नुसती मोजणी करू शकतात. त्या मोजणीतही नावे लिहिली जात नाहीत.

ही पद्धत लक्षात घेऊन गेल्या दशकातील नोंद पाहिली की ती फार तोकडी निघते. नागरिकत्व दुरुस्तीचे पहिले विधेयक १९ जुलै २०१६ रोजी लोकसभेत मांडले गेले. तेव्हा येथील खासदार भाजपचे नाना पटोले होते. विधेयक संयुक्त संसदीय समितीकडे गेले आणि समितीचा अहवाल येण्याच्या आधीच, डिसेंबर २०१७ मध्ये, पटोले यांनी खासदारकीचा राजीनामा दिला. मे २०१८ च्या पोटनिवडणुकीत राष्ट्रवादी काँग्रेसचे मधुकर कुकडे निवडून आले. ८ जानेवारी २०१९ रोजी लोकसभेने ते विधेयक मंजूर केले, तेही आवाजी मतदानाने. काँग्रेसने सभात्याग केला होता. पुढे लोकसभेची मुदत संपताच विधेयक बाद झाले. एका विधेयकाने या मतदारसंघाचे दोन खासदार पाहिले, आणि दोघांपैकी एकाच्याही नावापुढे मत नोंदलेले नाही.

खरी नोंद सापडते ती ९ डिसेंबर २०१९ ची. नवे नागरिकत्व दुरुस्ती विधेयक त्या दिवशी मांडले गेले तेव्हाच विरोधकांनी मतविभाजन मागितले. मांडण्याच्या बाजूने २९३ आणि विरोधात ८२ मते पडली. मध्यरात्रीनंतर झालेल्या अंतिम मतदानात ३११ विरुद्ध ८० असा निकाल लागला. त्या वेळी भंडारा-गोंदियाचे प्रतिनिधित्व करणारे सुनील मेंढे हे विधेयक आणणाऱ्या भाजपचेच सदस्य होते. मतांच्या याद्या लोकसभेच्या छापील कार्यवाहीत मिळतात. त्या नीट वाचाव्या लागतात: यंत्र चुकले किंवा भलतेच बटण दाबले गेले तर सदस्य चिठ्ठीने मत दुरुस्त करतात, आणि तसा उल्लेख आकड्यांखालच्या टिपेत असतो.

पुढचा मोठा कायदा आला तेव्हा नोंद पुन्हा नाहीशी झाली. इमिग्रेशन आणि परकीय नागरिक विधेयक ११ मार्च २०२५ रोजी गृहराज्यमंत्री नित्यानंद राय यांनी मांडले. १९२० चा पारपत्र कायदा, १९३९ चा परकीय नोंदणी कायदा, १९४६ चा परकीय नागरिक कायदा आणि २००० चा वाहतूकदारांच्या दायित्वाचा कायदा, असे चार कायदे रद्द करून एकच कायदा करणारे हे विधेयक. वैध पारपत्र वा व्हिसाविना प्रवेश केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, बनावट कागदपत्रांसाठी दोन ते सात वर्षे कैद, मुदत संपूनही राहिल्यास तीन वर्षांपर्यंत कैद, अशा त्यातील शिक्षा आहेत. परकीय पाहुणा उतरल्यास लॉजमालकाने, परकीय रुग्ण दाखल झाल्यास रुग्णालयाने नोंदणी अधिकाऱ्याला कळवायचे आहे; लाखनीतून जाणाऱ्या महामार्गावरचे लॉजही त्याला अपवाद नाहीत. एवढा व्यापक कायदा लोकसभेने २७ मार्चला आणि राज्यसभेने २ एप्रिलला आवाजी मतदानाने मंजूर केला. खासदार होते काँग्रेसचे डॉ. प्रशांत पडोळे. त्यांच्या पक्षाच्या मनीष तिवारी यांनी विधेयकाला विरोध केला, पण मतविभाजनाची यादी नसल्याने पडोळे यांचे स्वतःचे मत कोणत्याही नोंदीत नाही. त्याच आठवड्यात वक्फ दुरुस्ती विधेयकावर मात्र लोकसभेत २८८ विरुद्ध २३२ अशी नावानिशी नोंद झाली. विरोधकांना जेथे लढत दाखवायची असते तेथे ते मतविभाजन मागतात. परकीयांवरच्या कायद्याला तेवढे महत्त्व द्यावेसे त्यांना वाटले नाही, असाच याचा अर्थ होतो.

यादी असली तरी ती खासदाराचे मन सांगतेच असे नाही. १९८५ च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीने आलेल्या दहाव्या अनुसूचीनुसार पक्षादेशाविरुद्ध मत देणारा किंवा गैरहजर राहणारा सदस्य अपात्र ठरू शकतो. पक्षाने पंधरा दिवसांत माफ केले तरच त्याची सुटका होते. सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये किहोतो होलोहान खटल्यात ही तरतूद उचलून धरली. पक्षादेशाचे बळ महाराष्ट्राने २०१९ मध्येच पाहिले. शिवसेनेने ९ डिसेंबरला लोकसभेत नागरिकत्व दुरुस्ती विधेयकाला पाठिंबा दिला आणि दोनच दिवसांनी राज्यसभेत मतदानाआधी सभात्याग केला. मधल्या काळात विधेयकातला एक शब्दही बदलला नव्हता. बदलले होते ते मुंबईतले राजकारण. महाविकास आघाडीचे सरकार येऊन जेमतेम दोन आठवडे झाले होते. अमेरिकेत असा पक्षांतरबंदीचा कायदा नाही. तेथे जानेवारी २०२५ मध्ये बेकायदा स्थलांतरितांच्या स्थानबद्धतेविषयीचा लेकन रायली कायदा प्रतिनिधिगृहात २६३ विरुद्ध १५६ मतांनी मंजूर झाला तेव्हा ४६ डेमोक्रॅट सदस्यांनी आपल्या पक्षाच्या बहुसंख्येविरुद्ध मत दिले, आणि प्रत्येकाचे नाव दुसऱ्या दिवशी मतदारांपुढे होते. तेथील ‘मतदानाचा इतिहास’ माणसाचा असतो, येथील बहुतांशी पक्षाचा.

काही निर्णय तर मतापर्यंत पोचतच नाहीत. २०१९ च्या कायद्याचे नियम ११ मार्च २०२४ रोजी अधिसूचनेने आले. त्या कायद्यात पाकिस्तान, बांगलादेश व अफगाणिस्तानातून आलेल्या सहा धर्मांच्या लोकांसाठी ३१ डिसेंबर २०१४ ही तारीख होती. १ सप्टेंबर २०२५ रोजी गृह मंत्रालयाने काढलेल्या सवलत आदेशाने याच समूहांपैकी ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत आलेल्यांना पारपत्र-व्हिसाच्या अटीतून सूट दिली. नागरिकत्व त्याने मिळत नाही, पण शिक्षेची भीती जाते. नोंदणी केलेल्या तिबेटींनाही याच आदेशात सूट आहे. गोठणगावच्या रहिवाशांवर थेट परिणाम करणाऱ्या या आदेशावर कोणत्याही खासदाराने मत दिलेले नाही.

त्यामुळे लाखनीच्या मतदाराला खासदाराची भूमिका शोधायची असेल तर मतांच्या यादीपेक्षा चर्चेतील भाषणे, विधेयकावर सुचवलेल्या दुरुस्त्या आणि गृह मंत्रालयाला विचारलेले प्रश्न अधिक उपयोगी पडतात. प्रश्नांची यादी सदस्याच्या नावाने संसदेच्या संकेतस्थळावर मिळते. तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात आणि त्यावर पूरक प्रश्न विचारता येतो. अतारांकित प्रश्नाचे उत्तर फक्त लेखी पटलावर ठेवले जाते.