भोर आणि वेल्ह्याच्या शाळा शेजारी, पण खेळात आमनेसामने येतात थेट जिल्ह्याला! असं का?

नसरापूरहून वेल्ह्याच्या रस्त्याला लागलं की थोड्याच अंतरावर भोर तालुका संपतो. हद्दीच्या दोन्ही बाजूंची मुलं एकाच एसटीने प्रवास करतात, जत्रेत एकत्र कबड्डी बघतात. पण सरकारी शालेय स्पर्धांमध्ये या शाळांची गाठ सुरुवातीला पडतच नाही. कारण स्पर्धेची रचना.

स्पर्धा होते कशी?

शालेय क्रीडा स्पर्धा 14, 17 आणि 19 वर्षांखालील अशा तीन गटांत होतात. वाट ठरलेली असते: तालुका, जिल्हा, विभाग, राज्य आणि मग राष्ट्रीय स्पर्धा. कबड्डी, खो-खोसारख्या सांघिक खेळात तालुक्याचा विजेता संघच जिल्ह्याला जातो. त्यामुळे भोरच्या राजा रघुनाथराव विद्यालयाला आधी आपल्याच तालुक्यातल्या शाळांना हरवावं लागतं. खरी खुन्नस असते ती इथे, कारण हरलेला संघ वर्षभरासाठी घरी बसतो.

जिल्ह्याला काय बदलतं?

शालेय स्पर्धांसाठी पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिकांचे संघ वेगळे खेळतात. उरलेल्या 13 तालुक्यांचा पुणे ग्रामीण गट असतो. भोर आणि वेल्हे एकमेकांसमोर येऊ शकतात ते इथेच, आणि समोर बारामती, इंदापूर, शिरूरसारखे मोठे तालुकेही असतात.

2011 च्या जनगणनेत भोरची लोकसंख्या सुमारे 1 लाख 86 हजार होती, तर वेल्ह्याची जेमतेम 54 हजार. (वेल्हे तालुक्याचं नाव ‘राजगड’ करायला राज्य मंत्रिमंडळाने 2024 मध्ये मंजुरी दिली.) शाळा कमी, म्हणजे तालुक्याला सामनेही कमी. वाट सोपी वाटते, पण कसदार सामन्यांचा सराव न होताच संघ जिल्ह्याला पोहोचतो.

पाऊस आणि मॅट

स्पर्धांचा हंगाम सुरू होतो तोच पावसाळ्यात. तोरणा-राजगडाच्या पायथ्याला आणि भोरच्या पश्चिम पट्ट्यात तेव्हा भातलावणी चालू असते आणि शाळेच्या मैदानात चिखल असतो. वरच्या पातळीवर सामने मॅटवर होतात. मातीत अनवाणी खेळणाऱ्या मुलांना तिथे बूट घालून खेळावं लागतं. पायाची पकड बदलते, वळण्याचा अंदाज चुकतो.

जिंकून मिळतं काय?

ठरावीक पातळीपर्यंत यश मिळालं की दहावी-बारावीला सवलतीचे क्रीडागुण मिळतात. पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी मोठ्या स्पर्धेतलं प्रावीण्य लागतं. त्या वाटेवरची पहिली पायरी म्हणजे तालुक्याचा हा सामना.

खेड्यांतल्या अनेक माध्यमिक शाळा दहावीपर्यंतच आहेत. त्यामुळे दहावीतल्या मुलीसाठी आपल्या शाळेची जर्सी घालून खेळायची ती बहुतेक वेळा शेवटची संधी असते.