सॉफ्टवेअरचे कट्टर समर्थक : फायद्याचे की तोट्याचे?

कापडाच्या धंद्यात खरी जाहिरात ग्राहकच करतो. एखाद्या बाईने मोहल्ल्यात सांगितले की अमुक दुकानाच्या कापडाचा रंग जात नाही, की पाठोपाठ दहा बायका येतात. पण तीच बाई दुसरीकडे खरेदी करणाऱ्यांना अडाणी म्हणू लागली, तर आमचे गिऱ्हाईक वाढेल की तुटेल? संगणकाच्या सॉफ्टवेअरबाबत हाच प्रश्न आमच्यासमोर आला, आणि तोही ऐन रमजानात.

आधी टॅलीची गोष्ट सांगतो, कारण ती आपल्या धंद्याच्या जवळची आहे. श्यामसुंदर गोयंका हे कारखान्यांना व कापड गिरण्यांना कच्चा माल आणि यंत्रांचे सुटे भाग पुरवीत. हिशेबासाठी मनासारखे सॉफ्टवेअर मिळेना, म्हणून त्यांनी गणिताचा पदवीधर असलेला आपला मुलगा भरत याला ते बनवायला सांगितले. १९८६ साली बंगलोरला कंपनी सुरू झाली. इतर सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक खात्याला कोड नंबर द्यावा लागे. टॅलीत खात्याचे नाव लिहिले की झाले. वहीवर वाढलेल्या व्यापाऱ्याला हे चटकन पटले.

तरीही टॅली दुकानादुकानांत नेले ते मुनीम मंडळींनी. २००५ साली महाराष्ट्रात व्हॅट आला, तेव्हा आम्ही संगणक घेतला. कामावर ठेवलेल्या मुनीमजींचा पहिलाच प्रश्न होता, "शेठ, टॅली आहे ना?" नसते तर ते थांबले नसते. एफ-५ दाबले की पैसे दिल्याची नोंद, एफ-८ ला विक्री, एफ-९ ला खरेदी. त्यांची बोटे न पाहता चालत. कर सल्लागारालाही टॅलीचीच फाइल हवी असे. हे मुनीमजी टॅलीचे कट्टरच म्हणायचे, पण त्यांनी आम्हाला व्याख्यान कधी दिले नाही. संध्याकाळी दुकान बंद होण्याआधी उधारीची यादी समोर ठेवीत. कुराण शरीफातील सर्वांत मोठी आयत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे, हे आपण सारे जाणतो. ती यादी पाहून आम्हीही टॅलीचे झालो. (परवाना न घेता कॉपी करून वापरणारे पुष्कळ होते. त्यानेही प्रसार झाला, हे खरे. पण चोरीचा माल सीडीवर आला म्हणून हलाल होत नाही.)

आता दुसरा समर्थक. २०१२ च्या रमजानात आमच्या संगणकात पेन ड्राइव्हमधून व्हायरस शिरला. मोहल्ल्यातील एक हुशार मुलगा इंजिनिअरिंगला होता, त्याला बोलावले. तो लिनक्सचा भक्त. "चाचा, विंडोज म्हणजे गुलामी आहे. लिनक्स फुकट आहे, त्याला असले व्हायरस लागत नाहीत." बोलणे बरेचसे खरे होते. आम्ही मान हलवली. त्याने विंडोज काढून लिनक्स घातले आणि इफ्तारला निघून गेला.

दुसऱ्या दिवशी मुनीमजी बसले तर टॅली कुठेच नाही. ते विंडोजवर चालणारे. मुलाला फोन केला, तर म्हणाला, "टॅली कशाला हवे? ग्नूकॅश वापरा." आमच्या कर सल्लागाराने ते नावही ऐकले नव्हते. ईदची गर्दी, मुंबई-भिवंडीच्या व्यापाऱ्यांचे तगादे, आणि आम्ही पुन्हा वहीवर. चार दिवसांनी दुसऱ्याकडून विंडोज बसवून घेतले. मुनीमजींनी महिन्याच्या सुरुवातीला घेतलेली बॅकअपची सीडी होती म्हणून बचावलो. मधल्या नोंदी बिलबुकावरून पुन्हा कराव्या लागल्या, आणि उधारीची काही रक्कम निसटली ती निसटलीच. मुलाला सांगितले, तर तो आमच्यावरच उखडला, तुम्हाला शिकायचेच नाही म्हणून. त्यानंतर लिनक्सचे नाव काढले की मुनीमजी कानाला हात लावीत. शेजारच्या दोन दुकानदारांनीही ते ऐकले. एका उत्साही समर्थकाने तीन गिऱ्हाइके घालवली.

लिनक्स वाईट होते काय? मुळीच नाही. १९९१ साली फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने ते सुरू केले आणि जगभरच्या जाणकारांनी कित्येक वर्षे बिनपैशाने त्यातील दोष दुरुस्त केले. ही माणसेही कट्टरच होती, पण हात कामात असलेली. त्यांच्याशिवाय लिनक्स उभेच राहिले नसते. दुसरीकडे, त्याला लिनक्स म्हणावे की ग्नू-लिनक्स, यावर वर्षानुवर्षे भांडण चालले. आपल्याकडे मसलकाच्या वादात नवखा नमाजी जसा बावरतो, तसा नवा माणूस तिथे बावरे. विरोधी बाजूही कमी नव्हती. २००१ साली मायक्रोसॉफ्टचे प्रमुख स्टीव्ह बाल्मर यांनी लिनक्सला कर्करोग म्हटले होते. पुढे त्याच कंपनीने आपल्या सेवेत लिनक्स घेतले. आपल्या राज्यात मात्र एमएस-सीआयटीच्या वर्गांत पोरे विंडोजच शिकत राहिली, आणि दुकानांत तेच आले.

अति प्रेमाचा त्रास टॅलीलाही झालाच. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये टॅलीप्राइम आले, तेव्हा सर्वांत जास्त कुरकुर जुन्या भक्तांचीच. आमचे मुनीमजी कित्येक महिने जुन्या ईआरपी-९ वरच जीएसटीची बिले करीत. नवीन माणूस ठेवला, त्याला टॅलीप्राइम सोपे वाटले. मुनीमजी म्हणाले, "याला जुने माहीतच नाही, म्हणून."

तो मुलगा गेल्या ईदला भेटायला आला होता. आता नोकरीत आहे, बोलण्यात नरमाई आली आहे. मुनीमजींच्या हातातील अँड्रॉइड फोनकडे बोट दाखवून म्हणाला, "यातही लिनक्सच आहे." मुनीमजींनी फोन उलटासुलटा करून पाहिला आणि विचारले, "मग तेव्हा आमचा हिशेब का उडवलास?" मुलगा हसला. ग्नूकॅशचे नाव मात्र त्याने या वेळी काढले नाही.