आईचं घर लेकीला

परवा माळ्यावरची बॅग काढली, तर तळाशी एक चुरगळलेला कागद सापडला. भूतानचा परवाना, ऑक्टोबर २०१९ चा. तो उलगडला आणि तो सगळा घाटरस्ता डोळ्यांपुढे उभा राहिला.

आम्ही तिघं गेलो होतो. मी, आमचे हे आणि माझ्या नणंदबाई. रेल्वेनं हासीमारा, तिथून जयगाव. जयगावात एक कमान ओलांडली की पलीकडे फुंटशोलिंग, म्हणजे भूतान. अलीकडे हॉर्नचा गलका, पलीकडे एकदम शांत! घड्याळ अर्धा तास पुढे करायचं, पण पैसे आपलेही चालतात.

तिथून राजधानी थिंफू सुमारे १७० किलोमीटर, सगळा वळणावळणाचा घाट. आपल्याच सीमा रस्ते संघटनेच्या ‘दंतक’ प्रकल्पानं हा रस्ता बांधला. त्याचं काम १९६१ मध्ये सुरू झालं. त्याआधी लोक पायी नाहीतर खेचरावरून जायचे. वन्संना गाडी लागते, म्हणून मी आवळासुपारीची डबी हातातच धरून बसले होते. ढग खिडकीतून आत येत होते.

जेवायला ‘एमा दात्शी’, म्हणजे चीजमध्ये शिजवलेल्या मिरच्या. तिथं मिरची फोडणीला नाही, चक्क भाजी म्हणून खातात. आम्हा ठेचा खाणाऱ्यांच्याही डोळ्यांतून पाणी आलं.

थिंफूहून पुनाखाला जाताना दोचुला खिंड लागते. उंची सुमारे ३१०० मीटर. २००३ च्या लष्करी मोहिमेत गेलेल्या सैनिकांच्या आठवणीसाठी तिथं १०८ छोटे स्तूप बांधलेत. थंडीनं दात वाजत होते. पण पुढं उतरलं की पुनाखाची उबदार दरी, पिकलेली भातखाचरं आणि दोन नद्यांच्या संगमावरचा सतराव्या शतकातला भव्य किल्ला.

त्या दरीत आम्ही एका शेतकरणीच्या घरी उतरलो. छपरावर लाल मिरच्या वाळत घातलेल्या. बाईंना हिंदी चांगलं येत होतं. भूतानमध्ये टीव्ही आला १९९९ साली. आपल्या मालिका बघून शिकले म्हणाल्या. चहा देताना मी सहज विचारलं, ‘‘हे सासरचं घर का?’’

त्या हसल्या. ‘‘माझ्या आईचं. आईला तिच्या आईकडून मिळालं. माझा नवरा लग्न करून इथं आला.’’

पश्चिम भूतानात बऱ्याच ठिकाणी अशीच रीत आहे. घर, शेत लेकीकडे जातं, आईवडिलांना म्हातारपणी तीच सांभाळते. तिथंही सगळं आलबेल आहे असं नाही, संसदेत बायका मोजक्याच. पण डोक्यावरचं छप्पर तिचं स्वतःचं असतं.

मग बाईंनी वन्संना विचारलं, ‘‘तुमच्या आईचं घर कोणाला मिळालं?’’

वन्सं खिडकीबाहेर बघत राहिल्या. हे चहात साखर ढवळत राहिले. साखर केव्हाच विरघळली होती.

मैत्रिणींनो, मी बचत गटाच्या बायकांना नेहमी सांगते, न वाचता सही करू नका. महाराष्ट्रात १९९४ पासून आणि देशभर २००५ पासून वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हेही स्पष्ट केलं, की २००५ मध्ये वडील हयात नसले तरी तो हक्क जात नाही. हे सगळं मी तोंडपाठ सांगते. पण सासूबाई गेल्यावर आमच्याच ओटीवर वन्संनी हक्कसोडपत्रावर सही केली, तेव्हा चहाचा ट्रे माझ्याच हातात होता. त्यांना साडी नेसवली आणि ‘माहेर तुटत नाही हो’ असंही मीच म्हटलं होतं.

परतीच्या घाटात वन्सं झोपल्या होत्या. मी यांना हळूच म्हटलं, ‘‘मागचं परसू तरी त्यांच्या नावानं करू या.’’ बराच वेळ उत्तर नाही. दोन वळणं गेल्यावर म्हणाले, ‘‘वकिलांना विचारू.’’

विचारायला वर्ष गेलं. नातेवाइकांची बोलणीही खाल्ली. पण शेवटी रीतसर बक्षीसपत्र झालं. वन्संनी तिथं एक पेरूचं झाड लावलंय. आता माहेरी आल्या की पिशवी ठेवून आधी त्या झाडाला पाणी घालतात, मगच घरात येतात.

तो परवाना मी फेकला नाही. बक्षीसपत्राच्या प्रतीसोबत ठेवून दिला.